पाहिलेला सिनेमा पुन्हा पाहताना : प्रस्तावना

सिनेमाच्या इतिहासाचं कुठलंही पुस्तक उघडलं की पहिल्या काही पानांत एका कारखान्याचं फाटक भेटतं. फ्रान्समधलं लियाँ शहर, साल 1895. लुई ल्युमिएर यांनी आपल्याच कारखान्यासमोर कॅमेरा लावला. फाटक उघडलं आणि कामगार बाहेर पडले : बहुतेक बायका, काही पुरुष, सायकलवाले, मधूनच एक कुत्रं. सगळा चित्रपट एका मिनिटाच्या आतला. 28 डिसेंबर 1895 रोजी पॅरिसच्या ग्रँड कॅफेत तिकीट लावून जो प्रसिद्ध खेळ झाला त्यात हाही होता. चाकण, नवलाख उंब्रे, तळेगाव एमआयडीसी या पट्ट्यात राहणाऱ्याला या दृश्याचं नवल वाटत नाही. शिफ्ट सुटल्यावरची गर्दी तो रोज बघतो, पुष्कळदा त्या गर्दीतच असतो.

हे पुस्तक ज्या अभ्यासवर्गाच्या टिपणांतून उभं राहिलं तो तळेगाव दाभाड्यात स्टेशनच्या बाजूला एका खोलीत भरायचा. येणाऱ्यांत कॉलेजची मुलं होती, काही निवृत्त शिक्षक होते आणि बरेच जण कंपनीत काम करणारे. त्यातल्या एका मुलानं फाटकाचा हा चित्रपट बघून लगेच विचारलं, "सर, कामावरून सुटलेल्या माणसांचे कपडे एवढे नीट कसे?" खोलीतल्या बाकीच्यांनी फाटक, गर्दी आणि कुत्रं पाहिलं होतं. याची नजर कपड्यांवर गेली, कारण शिफ्ट संपल्यावर अंगावरच्या कपड्यांचं काय झालेलं असतं ते त्याला ठाऊक होतं. चित्रपटाच्या समीक्षेची सुरुवात अशीच होते. पडद्यावर जे आहे ते नीट पाहायचं आणि ते तसं का आहे असं विचारायचं.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र इतिहासाकडे मागावं लागलं. ल्युमिएर यांनी हे दृश्य एकापेक्षा जास्त वेळा चित्रित केलं आणि त्याच्या तीन आवृत्त्या आज उपलब्ध आहेत. एकीत एका घोड्याची गाडी दिसते, दुसरीत दोन घोड्यांची, तिसरीत घोडाच नाही. अभ्यासकांच्या मते यातली एक तरी आवृत्ती सुट्टीच्या दिवशी, ठेवणीतल्या कपड्यांत आलेल्या कामगारांना घेऊन केलेली आहे. म्हणजे जगातला जवळजवळ पहिला चित्रपट, ज्याला आपण साधी नोंद समजतो, तोही मांडून, ठरवून केलेला होता. आपण कुठली प्रत पाहतो आहोत हे माहीत नसेल तर कपड्यांचा प्रश्न पडूनही उत्तर मिळत नाही. आणि प्रश्नच पडला नाही तर तिन्ही प्रती समोर असून उपयोग नाही.

या पुस्तकात मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. समीक्षा करायची तर परत पाहावं लागतं, आणि परत पाहायला काय शिल्लक आहे, कुठल्या रूपात आहे, कुणी जपलं, याचा हिशेब म्हणजे चित्रपटाचा इतिहास. या दोन गोष्टी अभ्यासक्रमात वेगवेगळ्या पेपरांत टाकतात. मला ते पटत नाही. एकीशिवाय दुसरी लंगडी पडते. इतिहासाशिवाय समीक्षा केली की "मला आवडला, मला नाही आवडला" एवढ्यावर गाडी थांबते. समीक्षेशिवाय इतिहास लिहिला की नावं, सालं आणि पुरस्कार यांची जंत्री उरते.

देहूचे दोन तुकोबा

तळेगावहून चाकणकडे निघालं की इंदोरी, सुदुंबरे लागतं आणि भंडाऱ्याचा डोंगर दिसू लागतो. तुकोबा ज्या डोंगरावर एकांताला जात तो हा, आणि त्यांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाड्यांची समाधी सुदुंबऱ्यात. या भागात तुकोबा सांगावे लागत नाहीत. म्हणूनच वर्गात अभ्यासाचा पहिला मोठा चित्रपट म्हणून मी दर वेळी प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' घेत आलो. 1936 च्या डिसेंबरात तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल यांचं, लेखन शिवराम वाशीकरांचं, संगीत केशवराव भोळ्यांचं, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. एवढी माहिती कुठेही मिळते आणि बहुतेक लेख तिथेच संपतात.

आता सुरुवातीचा भाग जवळून पाहू. तुकोबा विठ्ठलासमोर अभंग गात आहेत. कॅमेरा फारशी धावपळ करत नाही, गाणारा आपल्यातच बुडालेला, आवाजात कसलीही हुकमत नाही. पाठोपाठ तोच अभंग चित्रपटातला तुकोबांचा प्रतिस्पर्धी सालोमालो गातो, आपल्या नावावर खपवून. शब्द तेच. पण आता ताना आहेत, हातवारे आहेत, माना डोलवणारे भगत आहेत आणि गाणाऱ्याचं सगळं लक्ष आपण कसे दिसतो याकडे आहे. कथेच्या दृष्टीनं इथे एक चोरी कळते. पण सिनेमाच्या दृष्टीनं दोन गायक्यांचा सामना मांडलेला आहे, आणि चित्रपट कुणाच्या बाजूनं उभा आहे हे एकाही संवादाशिवाय कळतं.

इथे इतिहास मदतीला येतो. केशवराव भोळे 1933 साली 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाच्या संगीताशी जोडलेले होते. पल्लेदार नाट्यपदांचा सोस सोडून भावाला धरून राहणारं, मोजकं गाणं रंगभूमीवर आणण्याची ती धडपड होती. सालोमालोच्या तानांमागे त्या काळातला हा मोठा वाद उभा आहे. सतराव्या शतकाची गोष्ट सांगता सांगता चित्रपट 1930 च्या दशकातल्या मराठी गाण्याबद्दल बोलून जातो. हे कळल्यावर तोच भाग पुन्हा पाहिला तर तो पहिल्यासारखा दिसत नाही, असा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

पागनीसांचंही तसंच. त्यांच्या तुकोबांचं मार्दव, चालण्यातला हलकेपणा, कुणावर न रोखलेली नजर याला बहुतेक जण "उत्स्फूर्त" म्हणून मोकळे होतात. पागनीस संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट होते आणि भजनं गाणारे होते. पुरुषी ताठा अंगावर न आणता रंगमंचावर उभं राहण्याची कमाई त्यांच्याकडे आधीपासून होती. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती अण्णा साळुंके या पुरुषानं केली ती नाइलाज म्हणून, कारण सिनेमात यायला बायका तयार नव्हत्या. तेवीस वर्षांनी त्याच परंपरेतला नट पुरुष संताची भूमिका करतो, आणि स्त्रीभूमिकांनी दिलेली हळवी देहबोली त्या भूमिकेचं बळ ठरते. मराठी रंगभूमी आणि मराठी सिनेमा यांचं नातं सांगायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही.

आणि जिजाई. प्रभातमध्ये आधी किरकोळ कामं करणाऱ्या गौरी या अभिनेत्रीनं ती केली आहे. मूल आजारी आहे, नवरा देवाच्या नादी लागलेला आहे, आणि ही बाई हातात पायताण घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते. शेवटी तुकोबा वैकुंठाला चल म्हणतात तेव्हाही संसार टाकून यायला ती तयार नाही. चमत्कारांनी भरलेल्या या चित्रपटात पोट, भाकरी आणि म्हैस यांची बाजू तिनं लावून धरली आहे. वर्गातल्या बायकांचा सगळ्यात लाडका भाग हाच असे, आणि त्यांची टिपणं वाचून माझं स्वतःचं मत पक्कं झालं : चित्रपटाला जमिनीवर ठेवणारी व्यक्तिरेखा तुकोबांची नाही, जिजाईची आहे.

एका गाण्याबद्दल सांगायलाच हवं. बीज आणि वृक्ष यांच्यावरचं, तुकोबांच्या तोंडी असलेलं या चित्रपटातलं गाणं आजही कित्येकांना गाथेतला अभंग वाटतं. ते लिहिलं शांताराम आठवल्यांनी, या चित्रपटासाठी. कोणी गाथा उघडून शोधायला बसलं तर सापडणार नाही. सिनेमा आपल्या आठवणीत किती खोल शिरतो, आणि परंपरा म्हणून आपण जे मिरवतो त्यातलं किती पडद्यावरून आलेलं असतं, हे तपासण्याची जागा देहूच्या पंचक्रोशीइतकी सोयीची दुसरी नसेल. पुस्तकातल्या दुसऱ्या प्रकरणानंतर दिलेला स्वाध्याय याच गाण्यावर आहे : आपल्या गावच्या भजनी मंडळातल्या दहा जणांना विचारा, हे कुणाचं?

2012 साली चंद्रकांत कुलकर्णींनी 'तुकाराम' केला, जितेंद्र जोशींना घेऊन. त्यात तुकोबांच्या लहानपणाला, तरुणपणाला, घरातल्या व्यापाराला भरपूर जागा आहे. दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहा. दोन वेगळ्या काळांना तुकोबांकडून काय हवं होतं ते तिथे कळतं. कोणता "खरा" या वादात वर्गाची एक अख्खी संध्याकाळ गेली. माझ्या मते तो वेळ वाया गेला, कारण चित्रपटाला विचारायचा प्रश्न तो नव्हे.

रिळं, आग आणि "पहिला"

दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' 18 मे 1912 ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये दाखवला गेला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्याच कोरोनेशनमध्ये 3 मे 1913 ला लागला. पहिला कोणता? 'पुंडलिक' हे नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरामन इंग्रज होता, फिल्मवरची प्रक्रिया लंडनला झाली. फाळक्यांनी कथा, चित्रण, धुलाई सगळं स्वतः उभं केलं. पहिलेपणाचा मान कुणाला द्यायचा हे आपण "चित्रपट" कशाला म्हणतो यावर ठरतं, आणि ती व्याख्या प्रत्येक पिढी आपल्या सोयीनं करत आली आहे. मी फाळक्यांच्या बाजूचा आहे, पण तोरण्यांना तळटीपेत ढकलणाऱ्यांच्या बाजूचा नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. 'हरिश्चंद्र' सुमारे 3700 फूट लांबीचा, चार रिळांचा होता. आज आपल्याला पाहायला मिळतात ती पहिलं आणि शेवटचं रीळ, आणि तीही 1913 ची की फाळक्यांनी 1917 साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची यावर अभ्यासकांत एकमत नाही. देशाचा पहिला चित्रपट म्हणून आपण ज्याचे तुकडे दर 3 मे रोजी बघतो तोच मुळात कोणता, हा प्रश्न उघडा आहे. 'आलम आरा', 1931 चा पहिला भारतीय बोलपट, याची तर एकही प्रत ज्ञात नाही. मूकपटांच्या काळातलं बहुतेक सगळंच गेलं. काही निष्काळजीपणानं, काही फिल्ममधली चांदी काढून विकण्यासाठी, काही आगीत. त्या काळची नायट्रेट फिल्म भयंकर ज्वालाग्राही. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळं जिथे ठेवली होती तिथे आग लागली, आणि प्रभातच्या चित्रपटांची रिळंही त्यात गेली.

जे उरलं ते माणसांमुळे उरलं. संग्रहालय 1964 साली स्थापन झालं आणि पी. के. नायर यांनी त्याला आकार दिला. 'कालिया मर्दन'ची (1919) रिळं त्यांनी फाळके कुटुंबाकडून मिळवली; फाळक्यांची मुलगी मंदाकिनी त्यात बाळकृष्ण आहे, आणि कॅमेऱ्यासमोरचा तिचा निर्भेळ खेळकरपणा आज आपण पाहू शकतो तो या खटाटोपामुळे. 2012 चा 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट नायर यांच्यावरच आहे. या पुस्तकाच्या वाचकानं तो चुकवू नये.

तळेगावकरांना याचं एक विशेष सुख आहे. लोणावळा-पुणे लोकल पकडायची, घोरावडी, बेगडेवाडी, देहूरोड करत शिवाजीनगरला उतरायचं, तिथून लॉ कॉलेज रस्ता जवळ. या रस्त्यावर संग्रहालय आहे आणि फिल्म इन्स्टिट्यूटही आहे. प्रभात कंपनी 1929 साली कोल्हापुरात निघाली, 1933 मध्ये पुण्यात आली, 1953 च्या सुमारास बंद पडली, आणि 1960 मध्ये तिच्याच जागेवर इन्स्टिट्यूट उभी राहिली. फत्तेलाल मुळात कलादिग्दर्शक. पडद्यावरचं देहू त्यांच्या नजरेतून उभं राहिलं. खरं देहू आणि चित्रपटातलं देहू या दोहोंच्या इतक्या जवळ राहून सिनेमाचा अभ्यास करता येणं ही साधी गोष्ट नाही. इन्स्टिट्यूटमध्ये प्रा. सतीश बहादूर यांनी रसास्वादाच्या शिक्षणाची जी पद्धत घातली, एकच दृश्य थांबवून थांबवून पाहण्याची, तिचं ऋण या पुस्तकाच्या पानापानावर आहे.

आप्पांचं गाव

तळेगावाला सिनेमाशी जोडणारा दुसरा दुवा कादंबरीकार गो. नी. दांडेकर ऊर्फ आप्पा यांचा. आप्पांचं हे गाव. सह्याद्रीचे किल्ले, मावळातली माणसं, त्यांची बोली यांचं त्यांना वेड होतं. 'पवनाकाठचा धोंडी' आणि 'जैत रे जैत' या त्यांच्या कादंबऱ्या पडद्यावर आल्या. गाडगे महाराजांच्या सहवासात ते राहिले होते, आणि महाराजांवरच्या 'देवकीनंदन गोपाला' (1977) या राजदत्तांच्या चित्रपटाशीही त्यांचं नाव जोडलेलं आहे, त्यात डॉ. श्रीराम लागू गाडगे महाराज झाले होते.

'जैत रे जैत' डॉ. जब्बार पटेलांनी त्याच साली, 1977 मध्ये केला. मोहन आगाशे नाग्या, स्मिता पाटील चिंधी. ठाकर आदिवासींचं जग, लिंगोबाचा डोंगर, मधमाश्या. कादंबरी वाचलेल्याला पहिल्यांदा जाणवतं ते हे की निवेदकाची भाषा गेली. आप्पांच्या लेखणीचा जोर बोलीत होता. चित्रपटात तिची जागा गाण्यांनी घेतली आहे. कथेचा केवढा तरी भाग हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली आणि ना. धों. महानोरांचे शब्द वाहून नेतात. आता विचार करा. महानोर अजिंठ्याकडच्या पळसखेड्याचे शेतकरी कवी. सह्याद्रीतले ठाकर गातात ते शब्द कुणाच्या मातीतले? गाणी उत्तम आहेत यात शंका नाही. तरी एका प्रदेशाच्या लोकांना दुसऱ्या प्रदेशाच्या कवीनं दिलेली वाणी पडद्यावर एवढी अस्सल कशी वाटते, आणि ती अस्सल वाटण्यात स्वतः ठाकरांचं म्हणणं कुठे ऐकू येतं का, हे समीक्षकानं विचारलं पाहिजे. हा प्रश्न विचारल्यानं चित्रपट लहान होत नाही. मला तर तो पुन्हा पाहावासा वाटतो.

याच धाग्यानं पुढे जाऊन नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (2013) पाहा. शेवटाकडे मारलेलं डुक्कर काठीला बांधून कथानायक जब्याचं कुटुंब चाललं आहे आणि मागे शाळेच्या भिंतीवर रंगवलेली चित्रं : आंबेडकर, फुले दांपत्य, शाहू महाराज, गाडगेबाबा. 'देवकीनंदन गोपाला'त जे गाडगेबाबा कीर्तनातून माणसांना हलवतात ते इथे भिंतीवर गप्प आहेत, आणि त्यांच्यासमोरून काय जातंय ते फक्त प्रेक्षकाला दिसतं. एकही शब्द न बोलता केलेलं एवढं कठोर विधान मराठी सिनेमात मी दुसरं पाहिलेलं नाही. आधीचा चित्रपट माहीत असेल तर ते विधान आणखी टोचतं.

मराठीत काय वाचावं

मराठीत चित्रपटावर लिहिणाऱ्यांची परंपरा बारीक आहे, पण दमदार आहे. फाळक्यांनी स्वतः 1917-18 मध्ये 'नवयुग' मासिकात भारतीय चित्रपटांवर लेखमाला लिहिली. भारतीय सिनेमावर एका चित्रकर्त्यानं केलेलं ते फार आरंभीचं गंभीर लेखन, आणि ते मराठीत आहे याचा आपल्याला पुरेसा अभिमान नाही. आठवल्यांचं 'प्रभातकाल', बापू वाटव्यांचं 'एक होती प्रभातनगरी', व्ही. शांताराम यांचं 'शांतारामा', हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' ही आठवणींची पुस्तकं वाचावीत, आणि एकमेकांशी ताडून वाचावीत. सांगणारा प्रत्येक जण गोष्टीच्या मध्यभागी स्वतःला ठेवतो, ते स्वाभाविकच आहे. जिथे दोन आठवणी जुळत नाहीत तिथे इतिहासकाराचं काम सुरू होतं.

समीक्षेसाठी अरुण खोपकरांचं 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' हातात घ्या. प्रकाश, सावली, कॅमेऱ्याची हालचाल यांवर मराठी गद्य इतक्या नेमकेपणानं बोलू शकतं हे त्या पुस्तकानं दाखवून दिलं. 1968 साली मुंबईत सुरू झालेलं प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी आणि तिचं 'रूपवाणी' हे नियतकालिक यांनीही प्रेक्षक घडवले. वर्तमानपत्रातल्या शुक्रवारच्या तारे देणाऱ्या परीक्षणांबद्दल मी फार लिहिलेलं नाही. त्यांचं काम वेगळं आहे, आणि ते काम करणाऱ्यांना एकदाच पाहून रात्रीत लिहावं लागतं.

पुस्तक कसं वापरावं

प्रकरणं क्रमानं वाचली नाहीत तरी चालेल. मात्र प्रत्येक प्रकरणात नेमलेला चित्रपट आधी पाहावा, मग प्रकरण वाचावं, मग चित्रपट पुन्हा पाहावा. दुसऱ्या वेळी आवाज बंद करून एक प्रसंग, आणि डोळे मिटून तोच प्रसंग, असं करून बघा. सालोमालोच्या प्रसंगाला याचा फार उपयोग होतो. वहीत मत लिहू नका, जे दिसलं तेच लिहा : कोण कुठे उभं आहे, उजेड कुठून येतो, दृश्य कुठे तुटलं. मतं आपोआप येतात.

माहितीपट आणि लघुपट यांना इथे जागा देता आली नाही, ही मोठी उणीव आहे. तमाशापटांवरचं प्रकरण मला हवं तसं झालेलं नाही. कलावंत स्त्रियांचं स्वतःचं बोलणं त्यात कमी पडलं आहे.

एक विनंती. आपल्या मावळात तंबूतले सिनेमे बघितलेली, जत्रेत पडदा उभारलेली, प्रोजेक्टर चालवलेली माणसं अजून आहेत. त्यांचं बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा; दिवस, गाव आणि सांगणाऱ्याचं वय नोंदवा. कुणाच्या माळ्यावर जुनी तिकिटं, जाहिरातींची पत्रकं, गाण्यांची पुस्तिका असेल तर ती रद्दीत देऊ नका. आणि रिळांचा डबा सापडला तर तो प्रोजेक्टरवर चढवून बघण्याचा मोह टाळा. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे असं समजावं. ती इतर रिळांपासून लांब, थंड आणि कोरड्या जागी ठेवावी. रीळ फार जुनं, 1950 च्या आधीचं वाटलं तर ते नायट्रेट असू शकतं, आणि मग ते घरात, विस्तवाच्या जवळपास अजिबात ठेवू नये. दोन्ही वेळी आधी पुण्याच्या संग्रहालयाला कळवावं आणि ते सांगतील तसं करावं.